हिरव्या दोऱ्याची बाटली

सिस्टर, आमच्याकडे नवा फ्रीज आलाय. दोन दारांचा आहे, आणि दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं की आपणच टुंग टुंग ओरडायला लागतो. परवा तो पहिल्यांदा ओरडला तेव्हा मी सुनेला म्हटलं, बघ गं, आमच्या सिस्टर आल्या. तुम्ही अशाच मागून यायचात आणि म्हणायचात, "मावशी, दार उघडं टाकून काय बघताय, आत सिनेमा लागलाय का?" तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की सुनेनं तुम्हाला पाहिलेलंही नाही, तरी तिला तुम्ही माहीत आहात. आमच्या घरात सगळ्यांनाच माहीत आहात. भज्यावालीच्या बाटलीची गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की मी तोंड उघडलं की पुढचं वाक्य पोरंच म्हणतात. आज ती तुम्हालाच सांगावी असं वाटलं. मी बोलतेय, नात लिहितेय. ती म्हणाली, आजी, शुद्ध करून लिहू का? म्हटलं, कर थोडं, पण इतकं नको की सिस्टर म्हणतील, ही कोण बाई.

अक्षरं तुम्ही मला शिकवायला बघितलंत, ते मी विसरलेले नाही. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही औषधाचा रिकामा खोका फाडायचात, त्याच्या कोऱ्या बाजूवर 'ग' काढायचात आणि विचारायचात, हे काय? मला तो काठी धरून बसलेला म्हातारा दिसायचा. तसं सांगितलं की तुम्ही कपाळाला हात लावायचात. त्या म्हाताऱ्याच्या पुढे माझी गाडी काही गेली नाही. तुम्ही पाथर्डीकडच्या, तुमच्या बौद्ध वस्तीतून नर्स झालेल्या पहिल्या, तुमच्या आईनं लोकांच्या रानात खुरपून तुम्हाला शिकवलेलं. शिकायला डोकं लागत नाही मावशी, बूड टेकून बसायला लागतं, असं तुम्ही म्हणायचात. मी म्हणायचे, मग राहिलंच, कारण बसायचं तेवढं तुमच्या वॉर्डात कुणाला मिळतच नाही.

मी वॉर्डात लागले ती नव्वदच्या पुढची सालं. नगरच्या त्या दवाखान्यात जळालेल्या बायकांचा वॉर्ड अगदी टोकाला होता. घरोघरी तेव्हा रॉकेलचा स्टोव्ह, पिन मारता मारता भडका उडायचा. कधी कधी भडका कसा उडाला ते बाई सांगायची नाही, आणि आपणही तिच्या नवऱ्यासमोर विचारायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. पहिल्या दिवशी मी घरून ताकाचा डबा नेला होता. ऊन मरणाचं, समोर पांढराशुभ्र फ्रीज दिसला, दिला ठेवून. एरवी तुम्ही पुस्तकासारखं बोलायचात, पण रागावलात की तुमचं गाव बाहेर यायचं. "कुणाचं हाय हे ताक? मावशी, हितं मानसाचं कातडं ठिवत्यात, आन् तुमी ताक ठिवता व्हय?" मला वाटलं, नवीन बाईला भीती घालताहेत. मग तुम्ही मधल्या कप्प्यातली बाटली दाखवलीत, रुंद तोंडाची, आत ओल्या फडक्याची गुंडाळी. ते ताक मी त्या दिवशी प्याले नाही. वॉर्डातले मामा प्याले. रिटायर व्हायला आलेले, झाडण्यापासून स्ट्रेचर ढकलण्यापर्यंत सगळं करणारे आपले मामा. त्यांना कशाचंच काही वाटायचं नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःहून जवळ बसवून समजावलंत. जळालेल्या जागी आपोआप कातडं येत नाही, म्हणून डॉक्टर तिच्याच मांडीवरून पातळ साल काढतात, दुधावरच्या सायीसारखी, आणि जखमेवर अंथरतात. उरलेली साल टाकायची नाही. कारण पहिली बसली नाही, कुठे उचकटली, तर दुसऱ्यांदा लागते. मी विचारलं, ते नासत नाही का? तुम्ही म्हणालात, "कोथिंबिरीची जुडी कशी ठेवता?" ओल्या फडक्यात. "पाण्यात बुडवून का नाही?" सडते. "आणि बर्फाच्या कप्प्यात?" काळी पडते. "झालं तर मग. तसंच. ओलं पाहिजे, बुडालेलं नको. गार पाहिजे, गोठलेलं नको. आणि घाणेरडा हात नको. ते जिवंत आहे मावशी, फक्त झोपवून ठेवलंय." मी म्हटलं, मग पाळणा बांधू का? तुम्ही हसला नाहीत, पण डबा उघडून मला तुमच्यातला अर्धा बोंबील दिलात, त्यावरून मी ओळखलं.

आणि दोरा. तो तुमचा शोध, माझ्यासाठी काढलेला. बाटलीवर तुम्ही नाव आणि तारीख लिहून चिठ्ठी चिकटवायचात, पण मला ती चिठ्ठी म्हणजे मुंग्यांची रांग. एकीचं कातडं दुसरीला लागलं तर ते धरत नाही, गळून पडतं, असं तुम्ही सांगितलंत तेव्हा मी म्हटलं, मग मी बाटलीला हातच लावणार नाही. मग तुम्ही बाटलीच्या गळ्याला बाहेरून रंगीत दोरा बांधायला लागलात, आणि त्याच रंगाचा दोरा बाईच्या खाटेच्या गजाला. चिठ्ठी डॉक्टरांसाठी, दोरा मावशींसाठी, दोन्ही जुळल्याशिवाय बाटली हलायची नाही. वॉर्डात आलेल्या एका बड्या डॉक्टरांनी विचारलं, हे नवसाचे दोरे आहेत काय? तुम्ही म्हणालात, हो सर, अजून तरी नवस पावतोय.

भज्यावालीला हिरवा दोरा होता. मिरजगावला हायवेवर तिची भज्यांची गाडी. कढईला कुणाचा तरी धक्का लागला, तेल सांडलं, स्टोव्हनं पेट घेतला, आणि दोन्ही हात, छाती, एक पाय भाजला. एका मांडीचं कातडं तेवढं धड राहिलं होतं, ते डॉक्टरांनी काढलं. बऱ्याच ठिकाणी बसलं, पण बोटांवरची जखम तेव्हा तयार नव्हती, म्हणून बोटांसाठीचं राखून ठेवलं. ती बाई म्हणजे तोंडानं फटाकडी. ड्रेसिंगच्या वेळी सगळा वॉर्ड ऐकेल अशा शिव्या द्यायची आणि झालं की मला विचारायची, "मावशी, माझं कातडं काय करतंय गं?" मी म्हणायचे, झोपलंय. "घोरतंय का?" घोरतंय की, तुझंच हाय ते. एकदाच तिनं घोरण्याचं विचारलं नाही. म्हणाली, "मावशी, जळाल्याचं येवढं न्हाई दुखलं. मांडी सोलली ना, ते दुखनं अजून डोक्यातनं जात न्हाई. परत सोलायचं म्हनले तर मी चालली घरी. हात गेले तर गेले." तुम्ही तिथेच उभ्या होतात. तुम्ही तिच्या खाटेच्या कडेला बसलात आणि म्हणालात, "परत सुरी लावणार नाही. तुझं तुझ्यासाठी ठेवलंय. शब्द देते." मी तेव्हा तुमच्याकडे बघत होते, सिस्टर. तुम्ही शब्द सहसा देत नसायचात.

मग नवरात्र आलं. खंडेनवमीला जो तो आपापली हत्यारं पुजतो, तशी आपल्या वॉर्डातही पूजा असायची, कात्र्या, चिमटे, वाफेचं भांडं, सगळं घासूनपुसून. भज्यावालीनं तर नवऱ्याला सांगून मिरजगावहून झारा मागवला होता. "डॉक्टरच्या कात्रीला हळदकुंकू, आन् माझ्या झाऱ्यानं काय पाप केलं?" तुम्ही दसऱ्याला दरवर्षी वस्तीतल्या बायकांबरोबर नागपूरला जायचात, म्हणून आदल्या दिवसापासून रजेवर. जाताना तुम्ही मामांना आणि मला दोघांना उभं केलंत. पूजा करा, बाजूच्या खोलीत करा, फुलं वॉर्डात नकोत, फ्रीजला हात नको. मामांनी मान डोलावली. मग मला एकटीला म्हणालात, "मावशी, बाटली तुमच्या ताब्यात. त्याचा आवाज ऐकत राहा." मी त्या दिवशी पदर खोचून इतकी ताठ चालत होते की मामा म्हणाले, काय मावशी, मेट्रन झाला काय?

खंडेनवमीला माझी दुपारची पाळी. मी येते, तर वॉर्डाच्या दारातूनच लुकलुकताना दिसतंय. लाल, हिरवं, पिवळं. फ्रीजच्या अंगावर लायटिंगची माळ, दाराला कुंकवाची बोटं, डोक्यावर झेंडूचा हार. नवरदेवासारखा सजवलेला आणि मेलेला. आवाज नाही. मी दार उघडते, आत दिवा लागत नाही. वॉर्डाच्या त्या भिंतीला पॉइंट एकच, सिस्टर, आणि मामांनी फ्रीजची पिन काढून माळेची लावली होती. त्याच्याच पूजेसाठी त्याचाच जीव काढला होता. मी ओरडले तसे मामा धावत आले, हातात अजून नारळाची वाटी. "अगं, आपल्या वॉर्डात सगळ्यात मोठं हत्यार हेच की! कात्रीला पुजलं आन् ह्याला वगळलं तर बरं दिसतं का? थोडाच वेळ म्हनलं..." थोडा वेळ म्हणजे किती, ते त्यांनाही सांगता येईना. आरती झाली, प्रसाद झाला, कुणीतरी चहाला नेलं.

ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होते, भले होते बिचारे. त्यांनी फ्रीजमधल्या थर्मामीटरचा काटा बघितला, बाटली उजेडात धरली. मी म्हटलं, रंग तर बदलला नाही, साहेब. ते म्हणाले, "मावशी, रंग ठीक आहे. पण आत काय झालंय ते मला डोळ्यांनी दिसत नाही. आणि खात्री नसलेलं मी तिच्या जखमेवर घालणार नाही. त्यातून पू झाला तर आहे तेही जाईल." मी हट्ट केला नाही. तुम्हीही हेच म्हणाला असतात हे मला कळत होतं, म्हणूनच जास्त राग आला. त्या दिवसांत फ्रीजमध्ये तिची एकच बाटली होती, ती त्यांनी बाजूला काढून ठेवली. मी पिन परत लावली, फ्रीज घुरघुरायला लागला, आणि मी त्याच्यासमोर उभी राहून रिकाम्या मधल्या कप्प्याकडे बघत राहिले. दार उघडं टाकून. ओरडायला तुम्ही नव्हतात.

भज्यावालीला मी सांगायला जाणार, तोवर मामांनीच तिच्या पायथ्याशी बसून रडून सगळं सांगून टाकलं होतं.  पूजेतलं हळदकुंकू लागलेला झारा उशाशी ठेवलेला होता, त्याच्याकडे ती बघत होती. मी जवळ गेले. म्हणाली, "मावशी, झोपलं हुतं म्हनत हुतीस ना? मेलं बघ झोपंत." मी तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "दसरा झाला की हे टेम्पो घेऊन येतेत. मी चालली." मी म्हटलं, सिस्टर येईपर्यंत थांब. "सिस्टर येऊन काय करनार? आता मांडी सोलायचीच म्हनतील ना? शब्द दिलाय त्यांनी, त्यांना तरी कशाला आडचणीत टाकू?" बघा सिस्टर, तिला तुमच्या शब्दाची काळजी. जळालेली ती, आणि अडचणीत तुम्ही.

दसऱ्याला तिचा नवरा आपट्याची पानं घेऊन आला. सोनं घ्या, सोनं घ्या म्हणत वॉर्डभर वाटली, आणि हिच्यापाशी आला तर हिचे दोन्ही हात पट्टीत. त्यानं पान उशीवर ठेवलं. ती त्याला म्हणाली, "उद्या सकाळी टेम्पो आन." मी त्या माणसाला व्हरांड्यात गाठलं. बोटं चिकटतील, म्हटलं, कातडं बसलं नाही तर. बोटं एकमेकांना चिकटून पंजा होईल, झारा काय, चमचा धरायची नाही. तो म्हणाला, "मावशी, मला कळतंय. पन तिला ऑपरेशनला नेताना मी बघितलंय. दरवाजाची चौकट सोडत नव्हती. मी कुठल्या तोंडानं सांगू?" 

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो दवाखान्याच्या फाटकात आला तेव्हा तुम्ही त्याच्याच मागून रिक्षातून उतरलात. रात्रभरच्या प्रवासाचे डोळे, एका हातात पिशवी, पिशवीत संत्री. मामा तुम्हाला पाहून सरळ खाली बसले. मी भडाभडा बोलत सुटले, माळ, हार, पिन, डॉक्टर, टेम्पो. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, संत्र्यांची पिशवी माझ्या हातात दिलीत आणि पाठ फिरवून चालायला लागलात, वॉर्डाकडे नाही, अंगण ओलांडून रक्तपेढीकडे. मला वाटलं, रागावून निघाल्या. मी पिशवी घेऊन तशीच उभी. थोड्या वेळानं परत आलात ते हातात गार डबा घेऊन. झाकण उघडलंत. आत रुंद तोंडाची बाटली, ओल्या फडक्याची गुंडाळी, गळ्याला हिरवा दोरा.

म्हणजे तुम्ही निघायच्या आधीच कातड्याचे दोन भाग केले होतेत. एक माझ्या ताब्यात, आणि एक गुपचूप रक्तपेढीच्या फ्रीजमध्ये, तिथल्या कुरकुऱ्या माणसाच्या हातापाया पडून, कारण तिथे लाईट गेली तर जनरेटर होता. मला सांगितलं नव्हतंत. आनंद झाला सिस्टर, इतका झाला की मी फाटकात टेम्पोवाल्याला ओरडून सांगितलं, वळव रे वळव. आणि मग तुमच्या मागोमाग आत आले. तुम्ही हात धूत होतात. मी तुमच्या पाठीला म्हटलं, "माझ्यावर भरवसा नव्हता व्हय?" तुम्ही नळ बंद केलात. "नसता तर सगळंच तिकडं नेलं असतं की." मी म्हटलं, म्हणजे अर्धाच. तेव्हा तुम्ही वळलात, दमलेल्या होतात, पुस्तकातली भाषा गळून गेली होती. "मावशी, मी माज्यावर सुदा अर्धाच ठिवते. त्या बाईच्या बोटांचा सवाल हाय, आपल्या मानाचा न्हाई."

मामांना तुम्ही काय बोलाल याची सगळा वॉर्ड वाट बघत होता. तुम्ही एवढंच म्हणालात, "मामा, नमस्कार करताना समोरच्याचा श्वास बंद करायचा नसतो." आणि त्यांना एक संत्रं दिलंत. ते बिचारे रिटायर होईपर्यंत रोज सकाळी फ्रीजची पिन हातानं दाबून बघायचे.

अर्ध्या कातड्यात दोन्ही हातांची बोटं कशी भागणार, हा प्रश्न होताच. मोठ्या डॉक्टरांनी त्याला बारीक बारीक छेद देऊन जाळीसारखं केलं, म्हणजे ताणून जास्त जागेवर बसतं. भज्यावालीला परत सुरी लागली नाही. उजवा हात चांगला धरला. डाव्या करंगळीवर एका जागी नाही धरलं, ती जागा ड्रेसिंगनं हळूहळू भरली आणि करंगळी जराशी वाकडी राहिली. ती म्हणायची, "ऱ्हाऊ दे, चहाचा कप धरताना लोकांना वाटंल मोठ्या घरची हाय." पुढच्या वर्षी ती वॉर्डात आली ती कागदात बांधलेली गरम भजी घेऊन. तुम्ही तेलकट पुडकं ड्रेसिंगच्या टेबलावर ठेवलं म्हणून तिला आधी झापलंत, मग बाहेरच्या पायरीवर बसून सगळ्यांच्या आधी तुम्हीच खाल्लीत. ती हवेत रिकामा झारा फिरवल्यासारखा हात फिरवून दाखवत होती. तुम्ही तिची बोटं एकेक उघडून, मिटवून बघत होतात, आणि तोंडात भजं असल्यामुळे तुम्हाला काही बोलता येत नव्हतं. मला वाटतं, तुम्ही मुद्दामच मोठा घास घेतला होतात.

तुमच्या शेवटच्या आजारात मी तुम्हाला भेटायला पाथर्डीला आले होते. स्टँडवरून जीपनं, मग चालत. तुम्ही फार बारीक झाला होतात. तुमची भाची म्हणाली, आत्या दोन दिवस कुणाशी बोलली नाही. मी तुमचा हात हातात घेतला, गार होता. मी म्हटलं, सिस्टर, ओलं पाहिजे, बुडालेलं नको. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "गार पाहिजे, गोठलेलं नको." आणि तुमचा अंगठा माझ्या बोटांवरून फिरला, एकेक बोट उघडून बघितल्यासारखा. मी आल्या पावली परत निघाले, कारण रडायचं होतं आणि तुमच्यासमोर ते जमलं नसतं, तुम्ही म्हणाला असतात, इथं काय सिनेमा लागलाय?

नात म्हणते, आजी, संपलं का, पाकीट आणू का? म्हटलं, पाकीट राहू दे. तिनं लिहिता लिहिता मघाशी एकदा पेन थांबवलं होतं, ते मी बघितलं. पोरगी समंजस आहे, पण मला कळलं कशाला थांबली. सिस्टर, घरात, गल्लीत, लेकीच्या सासरी, सगळीकडे मी ही गोष्ट सांगितली आहे. माळ सांगितली, मामा सांगितले, फ्रीजची पिन काढलेली सांगितली. आणि मग मी कशी धावले आणि हिरव्या दोऱ्याची बाटली कशी वेळेवर वाचवली, ते सांगितलं. इतकी वर्षं माझ्या गोष्टीत बाटली एकच होती. दुसरीचं आज पहिल्यांदा तोंडातून निघालं.